बोटीवरचं रबर

नाना, तुमची पायगाडी मी काल अंगणात काढली आणि मागच्या चाकावरचा काथ्या सोडवून पाहिला. डांबर वाळून खडी झालं आहे. विकायची म्हणून काढली होती, पण भंगारवाल्यानेही भरीव रबराची सायकल कधी पाहिली नव्हती. आता सगळीकडे हवेची चाकं. ही चालायची तरी कशी, असं तो मलाच विचारू लागला.

परत विलायतेला चाललेल्या रेल्वेच्या साहेबाकडून तुम्ही ती जुनीच घेतलीत, आणि घेतली तेव्हाच तिचे दिवस भरत आले होते. पण कल्याणहून मानपाड्याची शाळा गाठायची आणि दिवेलागणीला घरी यायचं, तर तिच्याशिवाय इलाज नव्हता. दुसरे मास्तर शाळेतच बिऱ्हाड करत. तुम्हाला ते जमण्यासारखं नव्हतं. आईचे पाय गेले होते, आणि तिला उचलून ओसरीवर बसवणं, तिची वेणी घालणं हे ती तुमच्याशिवाय कोणाकडून करून घेत नसे. पावसाळ्यात रस्त्याचा चिखल झाला की तुम्ही गाडी खांद्यावर घेऊन यायचात आणि आई आतून विचारायची, "आज कोण कोणावर बसून आलं?" तुम्ही हसत नसायचात. पाय धुवायचात, आणि आधी गाडीची साखळी पुसायचात, मग आईकडे जायचात. मला त्या गाडीचा भारी राग यायचा.

मागचं रबर फाटलं तेव्हा तुम्ही मुंबईच्या दुकानाला पत्र घातलंत. तोवर बंदरावरच्या एका तांडेलाने त्याच्या होडीतला काथ्या चाकाला गुंडाळून वर डांबर थापून दिलं. "मास्तर, तीन महिन्यांवर नाय टिकायचा ह्यो," असं बजावलंही. रबर मिळालं नाही तर तुम्हाला मानपाड्याला राहावं लागणार, हे आपल्या तिघांनाही ठाऊक होतं. दुकानाचं उत्तर इंग्रजीत आलं. तुम्हाला इंग्रजी येत नव्हतं आणि मी नुकताच इंग्रजी शाळेत जाऊ लागलो होतो. तुम्ही मला आईच्या अंथरुणाशी बसवलंत. "वाच रे, सावकाश." आई माझ्या तोंडाकडे पाहत होती. मी ओळींवरून बोट फिरवलं आणि म्हणालो, "रबर येतंय. बोटीवर आहे."

आई रडली. तुम्ही मला कधी नव्हे ते जवळ घेतलंत. ती बोट काही लागली नाही. जेवताना तुम्ही विचारायचात, "काय रे, लागली का बोट?" मी म्हणायचो, "अजून वाटेत आहे, नाना." काथ्या झिजला की नवा काथ्या, नवं डांबर, आणि धोतरावरचे डाग निघत नाहीत ही आईची तीच तक्रार. अशी तीन वर्षं तुम्ही रोज घरी आलात. आई गेली त्या संध्याकाळीही तिची वेणी तुम्हीच घातली होती.

तुमच्या माघारी गाडीच्या चामडी पिशवीत ते पत्र सापडलं. एव्हाना मला इंग्रजी येत होतं. असलं रबर आता कुठेच तयार होत नाही, गाडी भंगारात द्यावी, एवढंच त्यात होतं. कागदामागे तुमच्या मोडी अक्षरात पत्र आलं त्याच्या दुसऱ्या दिवसाची तिथी, आणि खाली, "रबर बंद झाले. काथ्याचे तांडेलास कायमचे सांगणे." म्हणजे दुसऱ्याच दिवशी तुम्ही ते कोणाकडून तरी वाचून घेतलं होतं. आणि तरीही तीन वर्षं मला बोटीचं विचारत राहिलात.

पत्रात काय होतं ते कळल्यावर मावशी शेवटपर्यंत सगळ्यांना सांगायची की एवढ्याशा पोराने आईसाठी खोटं बोलून बापाला घरी ठेवला. मी कधी नाही म्हटलं नाही. माझ्या मुलांनाही तेच ठाऊक आहे. खरं तर त्या पत्रातलं मला काहीच वाचता आलं नव्हतं, आणि तुमच्यासमोर तसं म्हणायची लाज वाटली. तुम्ही मला लबाड समजलात की ढ, हे त्या कागदामागे लिहिलेलं नाही. काथ्या पुन्हा गुंडाळून ठेवला आहे, आणि तुम्हाला लिहिलेला हाही कागद त्याच पिशवीत घालतो.

ढ होतो, नाना.