पाचवा खुंटा

मु. पिपरटोला, पो. आंधळगाव,
ता. मोहाडी, जि. भंडारा
दि. २४ सप्टेंबर १९८५

चिरंजीव आनंदराव यास,

टिकारामदादाचे आशीर्वाद. सौ. ललितास आशीर्वाद व मुलांना गोड पापे. आम्ही इकडे ठीक. तुम्ही भंडाऱ्याला ठीकच असाल, तुझ्या ऑफिसात पंखा आहे. तांबडी गाय व्याली, कालवड झाली. तुझ्या वहिनीचा गुडघा तसाच आहे, पण तोंड चांगले चालते. तळ्याच्या पोटातली तुझी पट्टी लवकरच उघडी पडेल असे दिसते.

पोळ्याच्या आधी शाळेत येऊन तू पाणी वाचवण्यावर भाषण देऊन गेलास. त्याबद्दल लिहायचे राहिले होते. भाषण चांगले झाले. एक तास दहा मिनिटे झाले. पोरे उन्हात उभी होती आणि तू मांडवात. तीन ग्लास पाणी प्यालास, चौथ्याने चूळ भरलीस. ते पाणी तीन पोरींनी विहिरीवरून ओढून आणले होते. तुला वाटले असेल, साहेब आले की पाणी आपोआप ग्लासात उगवते.

आणि तो तक्ता! भिंतीला लावून गेलास तो. त्यात एक नळ गळतो आहे आणि एक गोरी बाई त्याच्याकडे बोट दाखवून हसते आहे. अरे, आपल्या टोल्यात नळ कुठे आहे? तू इथेच नागडा हिंडलास, एवढे तरी आठवावे. तिसरीतल्या एका पोराने मला विचारले, "आबाजी, ह्या बदकाच्या तोंडातून पाणी काहून गळून राहिलं?" मी म्हटले, "सरकारी बदक हाय बाबू, त्याले कोनी विचारत नाही."

तू गेल्यावर हेडमास्तर भय्याजी गुरुजी माझ्याकडे आले. तोंड असे की कुणी कानफटीत दिली आहे. म्हणाले, "टिकारामभाऊ, साहेबानं अहवाल मांगला. पोट्ट्यायनं पाणी वाचवल्याचा. आता कोठचं पाणी वाचवू? विहिरीवर तं बाया लोट्या-लोट्यासाठी भांडतेत."

मी म्हटले, पोरे माझ्याकडे द्या. चाळीस वर्षे तळ्याचा पाणकर आहे, पाणी सोडणे-अडवणे माझ्या हाती. शाळा शिकलो नाही, पण तू कंदिलापुढे पुस्तक घेऊन बसायचास तेव्हा समोर बसून तुझ्याच पुस्तकावर मी अक्षरे शिकलो. उलट्या बाजूने. अजून मला पुस्तक उलटे धरले तरी वाचता येते. तुला सुलटे धरूनही काय कळले ते देव जाणे.

शाळेच्या मागे आम्ही हातभर बोडी केली, खेळातले तळे. चौथीची एकोणीस पोरे. पहिल्या दिवशी पाळ फुटली, सगळा बांध वाहून गेला.  दुसऱ्या दिवशी त्यांना पाळीवर नाचायला लावले, एक थर माती, एक नाच. मग फुटली नाही. पाळ पायांनी तुडवतात आनंदराव, तोंडाने नाही.

मग मोठ्या तळ्यावर गेलो. पाण्यात बोटाबोटावर खाचा केलेला बांबू रोवला. काठावर पाण्याचे घमेले भरून ठेवले. पोरांना सांगितले, घमेल्यातले पाणी कुणी पीत नाही, ते फक्त सूर्य पितो. रोज सकाळी दोन्ही मोजा. गोदावरीबाईची नात शकुन आहे ना, शेंबडी, दोन वेण्यांची, ती पाटीवर लिहून ठेवते.

आठ दिवस थेंब पडला नाही. पाट अजून सोडलेला नाही. घमेले दोन बोटे उतरले. तळे पाच बोटे उतरले.

पाटी माझ्यापुढे धरून शकुन म्हणाली, "आबाजी, सूर्यानं दोन पेले. बाकीचे तीन कोनं?"

गुरुजी म्हणाले, झिरपले असेल. आजोबाच्या आजोबाच्या काळातले तळे, गाळाने लिंपलेले. पाच बोटांपैकी तीन झिरपतात होय?

तू शिकलेला आहेस म्हणून तुला विचारतो. विसरला असशील, तुडुमाला, म्हणजे पाळीतल्या पाणी सोडायच्या मोरीला, एकाखाली एक पाच भोके, ती बुजवायला पाच खुंटे. वरची चार पाटात उघडतात. पाणी चौथ्याच्या खाली गेले की पाटात थेंब जात नाही. आज ते चौथ्याच्या वर वीतभरच आहे आणि धान निसवायला आले आहे. गोदावरीबाईची धानाची बांधी पाटाच्या शेपटाला. तिला पाणी मिळाले नाही तर नुसता पेंढा कापावा लागेल.

तीन बोटे कुठे गेली, कळव.

तुझा दादा,
टिकाराम पाणकर


दि. ९ ऑक्टोबर १९८५

चि. आनंदराव यास आशीर्वाद.

तुझे उत्तर मिळाले. मला नाही, शाळेला. टाईप केलेले, खाली जांभळा शिक्का, त्याखाली तुझी सही. सही मी ओळखली. शेपूट तसेच आहे, लहानपणी पाटीवर काढायचास तसे.

"विद्यार्थ्यांना जलाशयानजीक नेऊ नये. सदर काठी तात्काळ काढून टाकावी. पाणीबचतीचे शिक्षण वर्गातच, पुरविलेल्या तक्त्याच्या साहाय्याने द्यावे."

वा रे वा! जलाशय! त्या जलाशयात तुझे लंगोट धुतले आहेत मी. म्हशीच्या पाठीवर बसून तू तो ओलांडायचास तेव्हा कुठे गेला होता तुझा शिक्का? पोरे बुडतील म्हणून काळजी वाटली म्हणतोस. आपल्याकडे पोरे चालायच्या आधी पोहतात. तुला काळजी कशाची वाटली ते तुला ठाऊक आहे, आणि मलाही.

 दोन वर्षांनी पेन्शन आहे बिचाऱ्या गुरुजींची. त्यांनी स्वतः जाऊन बांबू उपटला आणि पोरांकडे न पाहता शाळेत नेऊन ठेवला. आता तो घंटा वाजवायला आहे.

पण तुझी अक्कल बांबूपाशीच थांबली. शकुन म्हणाली, "काठी नेली तं नेली. बोटं आपलेच हायेत." आता पोरे शाळा सुटल्यावर, आपापल्या घरची म्हणून, घाटाच्या पायरीवर बोटांनी मोजतात. घरच्या पोरांना ऑर्डर काढ बरे.

एवढेच नाही. मी बोडी शिकवताना सांगून बसलो होतो की पाणी हरवले तर खालून वर शोधत जावे. तर पोरे गेली नाल्याने. वरच्या अंगाला नाला कोरडा ठणठणीत, तळ्याच्या खाली मात्र घोटाभर पाणी. बेशरमाच्या झुडपांत शिरली आणि तुडुमाच्या तळचे तोंड शोधून काढले. पाचवे भोक. ते पाटात जात नाही, नाल्यात जाते. वैशाखात गाळ धुवायला उघडायचे ते. त्यातून मनगटाएवढी धार चालली होती. वैनगंगेला पाणी कमी पडले असेल, म्हणून आपला टोला दान करतो आहे.

सगळी पोरे माझ्याभोवती. पाय चिखलात, तोंडे उजळलेली, जशी काही वाघ मारून आली आहेत. शकुन म्हणाली, "आबाजी, पाचवा खुंटा कोनं काढला?"

मी म्हटले, "खेकड्यानं."

लिहून टाकले एकदाचे. खेकड्याने पाळीत बीळ केले, त्या वाटेने पाणी तिथे आले, असे सांगितले. आणि पोरांनी मानले. पाणकर सांगतो म्हणजे खरेच असणार. चार दिवस ती पाळीवर उपडी पडून बिळे शोधत होती. अकरा बुजवली, माती घालून, वर नाचून, मी शिकवले तसे. प्रत्येक बीळ मला दाखवायला नेत. काल शकुनने लोट्यात एक खेकडा आणला, नांगी मोडलेला. "आबाजी, हाच होय का चोर?"

मी काय म्हणालो ते लिहीत नाही.

पाणी आता चौथ्या भोकाच्या वर चार बोटे आहे. गोदावरीबाई रोज पाळीवर येते आणि सूर्याला शिव्या घालून जाते.

दसऱ्याला सरते घेऊन गहू पेरायला येशील. येऊ नकोस.

तुझा दादा,
टिकाराम


दि. २४ ऑक्टोबर १९८५

आनंदा,

दसरा झाला. तू आला नाहीस. मोठ्या भावाचे एवढे एक ऐकलेस, आठ वर्षांत पहिल्यांदा.

तुझ्यावर थुंकण्यात दोन पत्रे घालवली. मजा आली, खोटे का बोलू. तू आहेसच त्या लायकीचा. पण आज जे लिहायचे आहे त्याला थुंकी पुरत नाही.

वाटणीच्या वर्षी आपण चिठ्ठ्या टाकल्या. मला पाटाखालची बांधी आली, तुला तळ्याच्या पोटातली पट्टी. मी काही लबाडी केली नव्हती, तरी तू तीन महिने बोलला नाहीस. मग पोळ्याला आलास, जेवलास आणि हात धुताना म्हणालास, "दादा, पाणी पंधरा दिवस आधी उतरलं तं पट्टीत गहू होते." बस. खुंटा काढ असे तू म्हटले नाहीस. कधीच नाही. साहेब व्हायची तुझी तयारी तेव्हाच झाली होती.

काढला मी. त्या वर्षी, आणि मग दर वर्षी. पोळ्यानंतर, भर दुपारी, टोला जेवायला बसला की. वरच्या चारी खुंट्यांचे दांडे पाण्यावर दिसतात. पाचव्याचा दांडा मी पाण्याखाली कापून ठेवला, म्हणजे खुंटा आत आहे की बाहेर हे कुणाला दिसू नये. आकडी लावलेला बांबू घरात आढ्याला आहे. तुझ्या वहिनीला वाटते तो चिंचा पाडायचा आहे. कुणी विचारलेच तर सांगायचो, यंदा ऊन फार, सूर्य प्याला. पाणकराला कोण खोटे म्हणतो?

त्या गव्हाच्या पोळ्या तू इथे बसून खायचास आणि मला दादा म्हणायचास. तेवढ्यासाठी. दुसरे काही कारण सापडत नाही, शोधून पाहिले.

मग मीच पोरांना घमेले ठेवायला का शिकवले, असे तू विचारशील. तुला खिजवायला, आनंदा. तुझ्या तक्त्याची फजिती करायला. खुंटा तर पोळ्यानंतर काढलेलाच होता. मला वाटले, पोरे आहेत, मोजतील, खेळतील, विसरतील. पोरांना काही कळत नाही असे तू समजतोस म्हणून मी तुला हसलो, आणि मीही तेच समजत होतो. तुझा तक्ता कागदाचा, माझा मातीचा. एवढाच फरक.

दसऱ्याच्या चार दिवस आधी पोरे पाळीवर जमली. गुरुजी होते, शाळेतला खाचांचा बांबू खांद्यावर घेऊन आले होते. मी आश्चर्याने पाहिले तर म्हणाले, "राहू द्या. पेन्शनीले काय चाटाचं हाय?" गोदावरीबाईही होती. शकुन म्हणाली, "आबाजी, अकराही बिळं बुजवले. तरी नाल्यात पाणी येऊनच राहिलं. खेकडा मंग तुडुमातच असंन. तुमी पाणकर हा, तुमालेच दिसंन."

टोमणा नव्हता रे त्यात. तिला खरेच वाटत होते की मला दिसेल.

मी म्हटले, "तो खेकडा मीच हाव, बाई."

कुणाला कळले नाही. मग घरी गेलो, आढ्यावरचा बांबू आणला, पाण्यात घालून दाखवला. तेव्हा कळले. तुझे नाव मी घेतले नाही. ते गोदावरीबाईनेच घेतले, पट्टी कुणाची हे टोल्याला काय माहीत नाही?  मग म्हणाली, "टिकारामभाऊ, आठ वर्षं मी सूर्याले शिव्या देल्या. त्या आता वापस घ्याव लागंन मले." आणि पदराने तोंड पुसून पुढे म्हणाली, "तुमाले नाही देत. तुमाले पुरनार नाहीत."

शिव्या दिल्या असत्या तर बरे झाले असते.

बिजाच्या लाकडाचा नवा खुंटा केला, लांब दांड्याचा. मी तो भोकावर धरला, पाण्याने स्वतःच आत ओढून घेतला. वरून मोगरीने ठोकायचा होता. मी हात पुढे केला तर शकुनने मोगरी आधीच उचलली होती. एकोणीस पोरांनी एकेक घाव घातला. मी नुसता दांडा धरून उभा. विसावा घाव गुरुजींचा. एकविसावा मला कुणी दिला नाही.

पाणी चौथ्या भोकाच्या वर एक बोट उरले होते. पंच बसले. ठरले की यंदा पाणी शेपटाकडून द्यायचे, माझी बांधी शेवटी. गोदावरीबाईचे अर्धे धान निसवले. अर्धे पेंढा. माझेही पेंढाच, ते बरोबर झाले. माझ्या जागी देवाजीला पाणकर केले. मोगरी शाळेत, गुरुजींच्या कपाटात, तुझ्या तक्त्याची गुंडाळी करून ठेवली आहे त्याच्या शेजारी.

गुरुजींनी तुझा अहवाल लिहिला आहे. मी वाचला, सुलटा धरून. एकच ओळ: "विद्यार्थ्यांनी तळ्याचे एक भोक बुजविले." तो तुझ्याच टेबलावर येईल. शिक्का मारशील ना?

पट्टी तुझी पाण्याखाली आहे आणि राहील. गहू बाजारात मिळतो. यायचेच असेल तर शिक्का घरी ठेवून ये, सकाळी, काठीपाशी, पोरांनी पुन्हा रोवली आहे ती. पोरे ओळीत उभी राहतात. त्यांच्या मागे उभा राहा, पाळी आली की वाच. चुकलास तर शकुन पुन्हा वाचायला लावते, मलाही लावते.

पोरांनी मला शिक्षा काय द्यायची यावर शाळेत भांडण झाले म्हणतात. शेवटी ठरले, तुडुमाला हात लावायचा नाही आणि रोज घमेले भरून ठेवायचे. तेवढ्यावर सोडले त्यांनी. आपल्याला एवढ्यावर कुणी सोडले नसते, आनंदा. सकाळी लवकर उठतो. काठोकाठ भरतो, सांडू देत नाही. शकुन येते, वाकून पाहते, बोट लावते आणि पाटीवर मांडते. मला काही विचारत नाही.

सौ. ललितास आशीर्वाद. तुला काय द्यावे ते ठरले नाही.

टिकाराम,
शाळेचा घमेलेवाला