शेवटचा फर्मा मामींच्या पिशवीत

तीर्थरूप मामांना त्यांच्या बाइंडर भाच्याचा नमस्कार.

आम्ही सगळे इकडे खुशाल आहोत. बाबांचा गुडघा बरा आहे, आईचा खोकला गेला, भूत अजून प्रत्यक्ष कोणाला दिसलेलं नाही. तुमची तब्येत कशी आहे? जेवणाचं काय करता? तुमचं पत्र पोचलं. त्यात भयकथांच्या पुस्तकाची चौकशी पहिल्या ओळीपासून सहीपर्यंत आहे. ते ज्या पिशवीतून आमच्याकडे आलं त्या पिशवीच्या मालकिणीची मात्र कुठेच नाही. (मी पाकीट उलटं करून झटकूनही पाहिलं.) तेव्हा आधी मामींचं लिहितो. त्या ठीक आहेत. रोज संध्याकाळी चहाचा एक कप जास्त करतात आणि मग हा कोणाचा म्हणून त्याच्याकडे बघत बसतात. शेवटी तो बाबा पितात.

तुमच्या भांडणात पडायची माझी हिंमत नाही. पण पुस्तक हाती आलं की आधी शेवटचं पान वाचायचं आणि मग जो कोणी ते वाचत असेल त्याला शेवट सांगून मोकळं व्हायचं, ही तुमची सवय सगळ्या खानदानाला ठाऊक आहे. या वेळी मामी शेवटच्या कथेत पुरत्या गुंतल्या होत्या आणि तुम्ही दाढी करता करता सांगून टाकलंत की ती नर्सच भूत आहे. मामींनी पुस्तक मिटलं, पिशवी भरली आणि निघाल्या. त्या माहेरी न जाता थेट नणंदेकडे आल्या, यावरून काय ते समजा. आईनेही सख्ख्या भावाची बाजू क्षणभरसुद्धा घेतली नाही. लहानपणी तिलाही तुम्ही बरेच शेवट सांगितलेले आहेत.

आता पुस्तकाचं. मामींनी ते इतक्या जोरात मिटलं होतं की शिवण उसवली. घरात बाइंडर असताना उसवलेलं पुस्तक पडून राहणं बरं दिसत नाही, म्हणून मी दोरे काढून फर्मे सुटे केले. (फर्मा म्हणजे सोळा पानांची एक घडी. अशा घड्या एकावर एक ठेवून शिवल्या की पुस्तक होतं. तुमची ओळख फक्त शेवटच्या घडीशी, म्हणून सांगितलं.) नवा दोरा आणायला गेलो आणि परत येतो तर टेबल रिकामं. ज्याने त्याने एकेक फर्मा पळवला होता. फर्म्याची खोड अशी, की कथा कुठे संपते याच्याशी त्याला काही देणंघेणं नसतं. बाबांचा फर्मा किंकाळीच्या मधोमध सुरू होऊन दाराच्या कडीपाशी संपत होता. दारामागे काय होतं ते माझ्या बायकोच्या, म्हणजे तुमच्या भाचेसुनेच्या फर्म्यात, आणि ती कामं करता करता सावकाश वाचणारी. ज्या बाबांना स्वयंपाकघर कुठल्या दिशेला आहे हे सांगावं लागतं, ते तिच्या शेजारी बसून मटार सोलू लागले. आईच्या वाट्याला नुसताच मधला भाग आला. कोण मेलं आणि का, तिला काही कळलं नाही, तरी तिने तो दोनदा वाचला. दारामागचं कळल्यावर बाबांनी न्हाणीघराची कडी काढून टाकली. आता आंघोळ करताना ते सारखे खोकतात, म्हणजे आत माणूस आहे हे बाहेर कळावं. घाबरलात का विचारलं तर कडी गंजली होती म्हणतात.

शेवटचा फर्मा मात्र मामींनी उशीखाली ठेवला. वाचायचाही नाही आणि कोणाला द्यायचाही नाही. कळलेला शेवट वाचून काय करायचं, म्हणायच्या. अखेर परवा आईने फारच गळ घातली तेव्हा त्यांनी तो सगळ्यांसमोर मोठ्याने वाचला. मामा, नर्स भूत नाही. यापुढे सांगायची मला परवानगी नाही. नुसतं शेवटचं पान वाचलं तर तसं वाटतं खरं, पण आधीची पानं वाचली की सगळं उलटं होतं. मामींनी फर्मा मिटून मांडीवर ठेवला. मग म्हणाल्या, "म्हणजे यांनी मला आजवर एकही शेवट सांगितलेला नाही." आणि हसायला लागल्या. इकडे आल्यापासून त्या पहिल्यांदाच हसल्या. मला खरोखर बरं वाटलं. लग्न झाल्यापासून चिडून अर्धवट टाकलेली सगळी पुस्तकं त्यांना आता पुरी करायची आहेत, आणि ती तुमच्या कपाटात आहेत.

पुस्तक मी पुन्हा शिवलं आहे, शेवटचा फर्मा सोडून. तो मामींच्या पिशवीत राहील आणि बाकीचं तुम्ही वाचल्याची खात्री पटली की मिळेल. पाठीला सरस लावून पुस्तक वजनाखाली ठेवलंय. (येत्या रविवारी दुपारच्या बसने मामी तिकडे येताहेत. स्टँडवर घ्यायला या. हे मुद्दाम इथे, सरसाच्या शेजारी लिहितोय. जागा मामींनीच दाखवली. त्यांचं म्हणणं, तुम्ही पत्रसुद्धा शेवटून वाचता आणि तेवढं वाचून ठेवून देता. म्हणून शेवटचा मजकूर त्या स्वतः सांगणार आहेत, आणि तो साफ खोटा असेल. तुम्ही स्टँडवर दिसलात तर पत्र सगळं वाचलंत असं धरून त्या घरी येतील. नाही दिसलात तर आल्या पावली परत फिरतील. त्यांची गादी आम्ही गुंडाळायची नाही असं बजावलंय.) हवा दमट आहे, सरस वाळायला वेळ लागतोय, म्हणून कव्हर उद्या चढवीन.

बाकी समोरासमोर भेटलो की बोलू.

तुमचा,
बाइंडर भाचा

ता. क. : मामी चहा ठेवायला आत गेल्यात तेवढ्यात लिहितो. मामा, हात जोडतो, या वेळी मधलं वाचा. त्या जास्तीच्या कपाने बाबांना ॲसिडिटी होते आणि आम्हाला त्या कपाकडे बघवत नाही.

आणखी ता. क. (मजकूर मामींचा, अक्षर माझं) : मी आता कायमची इथेच राहणार आहे. वाट बघू नका. आणि तुमचंच बरोबर होतं, नर्सच भूत होती.