यतीनची सावली

मालवण,
शुक्रवार, संध्याकाळ

प्रिय प्रियांका,

दुपारी तुझा फोन आला तेव्हा स्टुडिओत गिऱ्हाईक आहे सांगून मी ठेवून दिला. गिऱ्हाईक कुठचं, बाहेर उन्हात चिटपाखरू नव्हतं. तू एका दमात बोललीस, की सासूबाईंनी पाठवलेला रियाच्या लग्नाचा फोटो मिळाला, त्यात यतीन बहिणीशेजारी उभा आहे, म्हणजे तो परत आला ना, मी सोमवारी मालवणला येते. फोनवर मला धड काही सांगता येत नाही, हे तुला शाळेपासून ठाऊक आहे. म्हणून लिहायला बसले. रागवायचं तर सगळं वाचून रागव.

लग्न छान झालं गो. रिया नवऱ्यापेक्षा बोटभर उंच दिसत होती, म्हणून फोटोत मी तिला जरा मागे सरकवली. पण तुला बोलावलं नाही याचा माझा राग अजून गेलेला नाही. यतीनची होडी उलटून दोन वर्षं झाली, बाकीचे पोहत किनाऱ्याला लागले, तो सापडला नाही, आणि तुझी सासू, आमची मथुराकाकी, त्याचे दिवस घालायला तयार नाही. मग हळदीत तुला कुंकू लावायचं की नाही, हे त्या बायकांना ठरवता येईना. त्यापेक्षा तुला बांद्याला माहेरीच ठेवलेली बरी, असं त्यांनी ठरवलं. मी काकीला तोंडावर बोलले. ती माझ्या हातात शिऱ्याची बशी देऊन गेली.

घरापुढच्या खळ्यात सगळ्या घराचा फोटो काढला तेव्हा मी जवळ सरका, जवळ सरका म्हणून घसा बसवून घेतला. रियाच्या बाजूला एक माणूसभर जागा राहत होती आणि काकी तिथे कुणाला पाऊल टाकू देत नव्हती. मी मनात म्हटलं, ही बाई माझा फोटो बिघडवणार. आठवड्याने ती बाजारातून मासे विकून, रिकामी पाटी घेऊन थेट स्टुडिओत आली आणि त्या जागेवर बोट ठेवून म्हणाली, यतीनाक थंय उभो कर. बहिणीच्या लग्नात भावाने नवा शर्ट घालायला हवा, म्हणून शर्टाचा रंगही तिनेच सांगितला.

केलं मी. नाही म्हणवलं नाही, आणि आज विचारशील तर आजही म्हणवणार नाही. पहिली प्रत बघून काकीचा चेहरा उतरला. म्हणाली, ह्येचे पाय जमिनीक लागूक नाय, आणि ह्येची सावली खंय? सावली नसता ती मेलेल्या माणसाक. माझो झील जितो आसा. मग मी कॉम्प्युटरवर त्याच्या आकाराची काळी सावली करून खळ्यावर आडवी घातली, तर शाई सांडल्यासारखी दिसली. शेवटी चार वाजताच्या उन्हात स्वतः खळ्यात जाऊन उभी राहिले. पायाशी सावली गडद असते, पुढे विरळ होते, कडा पुसट होतात, आणि पडवीची पायरी आली की मोडून वर चढते. हे सगळं मी एवढी वर्षं फोटो काढून कधी बघितलंच नव्हतं. तसंच केलं. रियाची सावली जिकडे, तिकडेच त्याची. काकीने नवी प्रत हातात घेतली, सावलीवरून बोट फिरवलं आणि म्हणाली, आता इलो. मला रडू आलं, मी चहा सांगायला बाहेर गेले.

तो फोटो ती तुला पाठवील, असं माझ्या स्वप्नातही नव्हतं. फसवायला पाठवला नसणार. तिच्या मनात तो खरंच लग्नाला येऊन गेला असावा.

प्रियांका, तो आलेला नाही. फोटो जरा उजेडात धर. त्याचं घड्याळ उजव्या हातात दिसेल. ज्या जुन्या फोटोतून त्याला उचलला, त्यात ऊन दुसऱ्या बाजूने होतं, म्हणून मला यतीनला आरशातल्यासारखा उलटा करावा लागला. सोमवारी एकटी त्या घरात शिरू नकोस, काकी तुला दारातच सांगेल की तो आत्ताच समुद्रावर गेला, आणि तुला ते खरं वाटेल. हे पत्र सकाळच्या बांदा गाडीच्या कंडक्टरकडे देते आहे, तुझ्या हातात पडेलच. तू ये, मी स्टँडवर उभी असेन, मग आपण दोघी तिच्याकडे जाऊ. तो जुना फोटो बरोबर आणते. तुमच्या लग्नानंतर मीच रॉक गार्डनला काढला होता तो. त्यात तू त्याचा दंड धरून उभी आहेस. त्याला एकट्याला घ्यायचं म्हणून तुझी बोटं मला एकेक करून पुसावी लागली.

तुझीच,
संचिता