मागच्या काचांची खडखड

१२ मार्च १९५८, बुधवार

शेठ म्हणे कोळणी गाडीत नकोत! कारण काय, तर मागच्या काचा खडखडतात, आणि त्या म्हणे आम्ही पाट्या आपटून खिळखिळ्या केल्या. आमचे हे शेठची स्टेशन वॅगन चालवतात, दिवेआगर ते श्रीवर्धन. त्यांच्या तोंडावर शेठ एवढं बोलला आणि हे खाली मान घालून ऐकून आले.

सासूबाई म्हणाल्या, "मंग काय, डोकीवर पाटी घेऊन बोर्लीच्या बाजारापातूर चालत जाव? मावरा उन्हात नासल त्याचा काय?" स्वतःच्या दुखऱ्या गुडघ्यांचं बोलल्या नाहीत. मासळीचंच बोलल्या.

मी ह्यांना म्हटलं, शेठला सांगा, काचा गप केल्या तर कोळणी बसणार. हे हसले. हसा!

१३ मार्च

शेठ कबूल. "बायको करते? करू दे की." अमावास्येपर्यंत मुदत. गाडी रात्री आमच्याच अंगणात असते, तेव्हा अडचण नाही.

१४ मार्च

मागे बसून बोर्लीला जाऊन आले, काचेवर तळवा दाबून. दाबला की गप, उचलला की सुरू. काचेच्या खाचेतला नमदा, लोकरीची जाड पट्टी, पार झिजलाय, काच आत मोकळी नाचते. कुरकुर वेगळी — चौकटीचा स्क्रू ढिला, पत्र्यावर पत्रा घासतो. पाट्यांचा संबंध काय? पाट्या तर टपावर असतात!

१६ मार्च

होडीची फट बुजवतात तशी खाच बुजवली. कापूस, राळ, वरून मुशी माशाचं तेल. लहानपणापासून बघत आलेय, हात चुकतो थोडाच. गाडी एकदम गप! ओसरीवर नाचलेच मी.

१७ मार्च

नाचणं अंगाशी आलं. दुपारी राळ पाघळली, काचा चिकटल्या, उघडेनात. आत हरेश्वरला देवाला निघालेली मंडळी, आणि तापलेलं मुशीचं तेल! सगळ्यांचे पदर नि उपरणी नाकाला. होडीला चहूबाजूंनी वारा असतो हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

शेठ ह्यांना म्हणाला, "खडखड होती, आता वासपण लावलात." सासूबाई म्हणाल्या, "माती खाल्लीस. आता धू." धुते. पण सोडत नाही.

१८ मार्च

गरम पाणी, सोडा, राख, चिंच. बोटांची सालं निघाली. वास बराच गेला.

१९ मार्च

घोंगडीच्या पट्ट्या कापून खाचेत बसवल्या, खाली सायकलच्या जुन्या ट्यूबचे तुकडे. काच सरकते, नाचत नाही. स्क्रूखाली रबराची चकती घालून करकचून पिळला. घासायच्या जागी मेणबत्ती फिरवली.

हे म्हणाले, "माझी घोंगडी?" म्हटलं, तुमचीच.

२० मार्च

अमावास्या. शेठ स्वतः मागे बसून श्रीवर्धनला जाऊन आला. काचांनी हूं की चूं केलं नाही. "बसू दे त्यांना," म्हणाला, माझ्याकडे न बघता. सासूबाई आणि शेजारची काशी मागच्या बाकावर बसून बाजाराला गेल्या, खिडकीशी. सासूबाईंनी काच बोटाने हलवून बघितली आणि माझ्याकडे बघून मान डोलावली. मला रडूच आलं. लिहून टाकते, इथे कोण वाचतंय.

२४ मार्च

आज जेवताना ह्यांच्या तोंडून निघालं. शेठने गाडी विकायला काढलीय, केव्हाचीच. काचांच्या खडखडीमुळे गिऱ्हाईक परत जात होतं. म्हणून मला करू दिलं! परवा महाडचा माणूस बघायला येतोय. गाडी महाडला गेली की ह्यांचं काम गेलं आणि बायकांची पायपीट परत सुरू. माझ्या हातांनी मी शेठचं घोडं गंगेत न्हायला लावलं.

हे म्हणतात, "आपून काय करनार? गाडी त्याची हाय." गाडी त्याची आहे, खरं. घोंगडी आमची आहे.

२६ मार्च

पहाटे उठून पट्ट्या ओढून काढल्या. रबरसुद्धा. स्क्रू ढिला करून ठेवला. महाडचा माणूस दुपारी येतोय. येऊ दे.