फाइल सापडत नाही

प्रिय धाकट्या,

परवा फोनवर तू इतका तापला होतास की मला मध्ये एक शब्द घालता आला नाही. तुझ्या चिमणीचे जन्मापासूनचे फोटो, आईच्या आवाजातली गाणी, एकेक करून सगळं तुझ्या कॉम्प्युटरवरून गायब होतंय, घोळ आमच्या घरच्या कॉम्प्युटरचा आहे आणि रविवारी तू आम्हाला त्या सामायिक फोल्डरमधून कायमचं काढून टाकणार, एवढं मला कळलं. म्हणून कागद-पेन घेऊन बसले. कागदावर तरी तुला माझं बोलणं तोडता येत नाही. आणि फोनवर बोलायला गेले की बाबा शेजारी येऊन बसतात, तेही एक कारण आहे. रविवारच्या आत पोचावं म्हणून कुरिअरने पाठवते आहे.

आधी तुझा गृहपाठ. आधीच्या फोनांवर तू सांगितलंस ते सगळं मी केलं. कॉम्प्युटर बंद करून चालू केला. राउटरची वायर काढून परत लावली. सॉफ्टवेअरमधून बाहेर पडले, तर परत आत शिरायला पासवर्ड आठवेना, मग नवा केला. घड्याळ चुकलं की दोन्हीकडच्या फाइल जुळत नाहीत असं तू म्हणाला होतास. ते खरंच चुकलेलं होतं, तारीख कुठल्या कुठे मागे गेली होती. ती नीट केल्यावर मला वाटलं, जिंकले. मग डिस्कवर जागा नाही असा संदेश यायला लागला. त्यासाठी मी माझे शिवणाचे सगळे व्हिडिओ काढून टाकले, याची तुझ्याकडे नोंद असू दे. शेवटी फायरवॉल का काय ते बघायला कोपऱ्यावरच्या दुकानातल्या कॉम्प्युटर दुरुस्तीवाल्या बाई आल्या. त्यांनी परवानग्या तपासल्या, हिरवी खूण आली, चहा झाला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी आईचं गाणं लावायला गेले, तर पुन्हा तेच, फाइल सापडत नाही.

बाईंना परत बोलावलं. त्या म्हणाल्या, सॉफ्टवेअर बिचारं अगदी चोख काम करतंय. एका घरी पुसलं की दुसऱ्या घरीही पुसायचं, हेच त्याचं काम. कोणीतरी हाताने पुसतंय. मी हसण्यावारी नेलं. घरात माणसं दोन, मी आणि बाबा, आणि बाबांना फोटो उघडायलासुद्धा मीच शिकवलेलं. खरं सांगू, मला तुझाच संशय आला होता. तुझा धांदरटपणा काही आजचा नाही.

मागच्या बुधवारी आमच्या औषधांच्या दुकानात माल आलाच नाही, म्हणून मी दुपारीच घरी आले. बाबा कॉम्प्युटरसमोर ताठ बसले होते, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. एक फोटो उघडत होते, वरच्या कोपऱ्यापासून खालपर्यंत नजर फिरवत होते, ओठांतल्या ओठांत काहीतरी पुटपुटत होते आणि मग तो पुसत होते. मग पुढचा. शेवटी पडद्यावरचा कचऱ्याचा डबासुद्धा रिकामा केला. इतकं नीटनेटकं काम मी दुकानात कोणाचं पाहिलं नाही. मी विचारलं, बाबा, हे काय करताय? ते शांतपणे म्हणाले, “छापून झालं ना. आता खिळे मोकळे करायला नकोत? उद्याचं पान कशाने जुळवायचं?”

तुला आठवत असेल की नाही कोण जाणे, बाबा खिळे जुळवायचे तो छापखाना बंद झाला तेव्हा तू लहान होतास. पान छापून झालं की जुळवलेला अक्षराचा एकेक खिळा सोडवून आपापल्या खान्यात परत टाकायचा, ही बाबांची रोजची अखेर. शेवटचा खिळा जागेवर पडेपर्यंत ते घरी यायचे नाहीत आणि आई ताटं झाकून बसायची. आयुष्यभर त्यांनी काम संपलं की ते मोडलं. त्यात त्यांना कधी वाईट वाटलं नाही, आताही वाटत नाही. वाईट मला वाटतंय. हल्ली काही सकाळी ते डबा मागतात आणि पायात चपला घालून दाराशी उभे राहतात. डॉक्टरांना दाखवलंय. हे वय झाल्यामुळे होणारं नेहमीचं विसरणं नाही, असं ते म्हणाले. मला फार भीती वाटते रे.

तुझं काही हरवलेलं नाही. पुसलेल्या फाइल ती सॉफ्टवेअरवाली कंपनी काही काळ सांभाळून ठेवते, त्या बाईंनी परत आणून दिल्या. आता सगळं एका वेगळ्या डिस्कवर माझ्या कपाटात आहे. रोज संध्याकाळी मी थोडे फोटो फोल्डरमध्ये परत ठेवते, दुसऱ्या दिवशी बाबा ते नव्याने बघतात आणि मोकळे करतात. तेवढा वेळ ते कामावर असतात, खूश असतात. म्हणून आम्हाला तोडू नकोस.

पण पत्र लिहिलं ते एवढ्यासाठी नाही. चिमणीला खांद्यावर घेतलेला तुझा दाढीतला फोटो काल आला. तो त्यांनी पुसला नाही. बराच वेळ बघत राहिले. मला वाटलं, ओळखलं. मी जवळ गेले तर पडद्यावर तुझ्या चेहऱ्यावर बोट ठेवून मला म्हणाले, “या गिऱ्हाइकाचं काम कधीचं तयार आहे. हा न्यायला कधी येणार?” मला रडू आवरेना. तरी सांगितलं, निघालाय, येतोच आहे. तेव्हापासून ते मला कॉम्प्युटर बंद करू देत नाहीत. मी खोटं बोलले आहे, धाकट्या. ते खरं कर.

तुझीच,
ताई