भाड्याच्या खोल्यांचं कलम

१२ ऑक्टोबर १९८७
दिल्लीहून नव्या गृहनिर्माण धोरणाचा कच्चा मसुदा आलाय. सगळ्या देशासाठी! आमच्या कचेरीनं त्यावर अभिप्राय पाठवायचा, आणि तो टाइप मी करायचा. कारखानीस साहेब म्हणाले, "ललिताबाई, मुंबईची बाजू नीट मांडू या. जुनं सगळं मोडून नव्यानं विचार व्हायला हवा."
बरं वाटलं. मग घरी आले. फणसवाडीतली एक खोली — बाबा, भाऊ गंगाधर, वहिनी, त्यांची दोन मुलं, मी. मुलं माझ्या गादीवर अभ्यासाला बसलेली. चपला न काढता गॅलरीतच उभी राहिले.

१८ ऑक्टोबर
लवू दादरच्या चौपाटीवर भेटला. आमचं ठरलं तेव्हा तो मिलमध्ये साच्यावर, म्हणजे मागावर, कायम होता. खोली मिळाली की लग्न, असं बोलणं झालेलं. मग संप! मिल पुन्हा सुरू झाली तेव्हा लवूला आत घेतलं नाही. आता माझगावला एका गोदामावर रखवाली करतो. परळच्या त्यांच्या खोलीत इतकी माणसं, की हा गॅलरीत निजतो. आणि मी चौतिशी गाठली.
हवालदारानं कट्ट्यावरून उठवलं. "चला, घरी जा." लवू म्हणाला, "घर असतं तर हितं बसलो असतो काय, साहेब?" हवालदार हसला. मला नाही हसू आलं.

२ नोव्हेंबर
आज अभिप्रायातलं कलम चौदा टाइप केलं. साहेबांनी स्वतः लिहिलंय — कामगार वस्त्यांत सरकारनं खोल्या बांधून परवडेल अशा भाड्यानं द्याव्यात. नोकरी गेली म्हणून कुणाला बाहेर काढू नये. 'घर विकत घेण्याची ऐपत नसलेल्यालाही घर हवे.' हे वाक्य टाइप करताना हात थांबला. पुन्हा वाचलं.

८ नोव्हेंबर
लवूला सांगितलं. आधी म्हणाला, "सरकारी कागद गो!" मग हळूच विचारलं, "कामगार वस्त्यांत म्हणजे परळात पण?"
वाळूत अंगठ्यानं खोली आखली. "हिकडे मोरी. हिकडे स्टो."
"आणि खिडकी?"
"खिडकी तुझ्या बाजूला."
संपानंतर त्याला इतकं बोलताना पाहिलं नव्हतं. भीतीच वाटली.

२३ नोव्हेंबर
कलम उडालं.
साहेब बैठकीतून आले ते खुर्चीत बसूनच राहिले. वरच्यांचं म्हणणं — आहेत त्या चाळींची दुरुस्ती होत नाही, सरकारनं नवं लोढणं कशाला घ्यावं? कर्जं द्या, लोक घरं विकत घेतील. माझ्या तोंडून गेलंच — "साहेब, माझं लग्न अडलंय हो!"
त्यांनी चष्मा काढला. म्हणाले, "खूप भांडलो, बाई. कुणी ऐकेना. मी स्वतः अजून सासऱ्यांच्या घरात राहतो."
पान पुन्हा टाइप केलं. आता कर्जाच्या कलमाला चौदा नंबर आलाय.

२९ नोव्हेंबर
लवूला सांगावं लागलं. शेंगदाणे खात होता, पुडी तशीच मिटून खिशात ठेवली.
"ललिता, तू दुसरं बघ."
"दुसरं काय?"
"दुसरा माणूस. खोलीवाला. मी गावाक जातंय."
दंडावर बुक्की मारली त्याच्या — चार माणसांदेखत! तो उठून गेला. मागे वळलासुद्धा नाही.

१३ डिसेंबर
चौपाटीवर गेले. आला नाही.

३ जानेवारी १९८८
गंगाधरला विचारलं, लग्नानंतर लवू इथे राहायला आला तर? त्यानं खोलीभर नजर फिरवली. "कुठे, ताई?" वाईट मनानं म्हणाला नाही. खरंच जागा शोधत होता.

१० जानेवारी
परळला गेले. लवू गावाला गेलेलाच नाही! गॅलरीत वळकटीला टेकून बसला होता. दाढी वाढलेली.
त्याच्या आईनं, रखमाबाईंनी, माझा हात धरला. "तू ये गो. मी भायर निजतलंय."
"आये, गप!" लवू ओरडला.
दम्याची बाई, गॅलरीत निजायला निघालेली! माझ्यानं हो म्हणवेना. जिन्यापर्यंत लवू सोडायला आला. अंधारात कितीतरी वेळ उभे होतो. लोक अंगाला घासून वरखाली जात होते.

८ फेब्रुवारी
अभिप्राय दिल्लीला रवाना. पहिलंच वाक्य — 'प्रत्येक कुटुंबाला घर.' कुटुंब कधी होतं मग? घर मिळाल्यावर?

११ मार्च
आज लवूशी लग्न केलं, खोलीविनाच. रजिस्टर. महिन्यापूर्वी लग्नाची नोटीस दिली तेव्हा या वहीतही लिहायचा धीर झाला नव्हता. रखमाबाईंनी ओटी भरली. कोपऱ्यावर तिघांनी चहा घेतला. मग लवू आईला घेऊन परळला गेला. मी मंगळसूत्र काढून पर्समध्ये ठेवलं आणि फणसवाडीला आले.
वहिनी म्हणाली, "आज उशीर?"
म्हटलं, "काम होतं."