समाधानी गावकरी

करमाड, शुक्रवार

प्रिय रामकिसन,

तुझी बढती झाल्याचं कळलं. आईच्या माघारी मी तुला शिकवलं त्याचं चीज झालं, असं गाव म्हणतं. मलाही म्हणायचं होतं, पण आज नाही जमणार.

तिकडच्या परदेशी सरकारची तुमची बँक आपल्याकडच्या कापड रंगवायच्या कारखान्याला कर्ज देतेय, हे तू सांगितलंस तेव्हा मी गावभर मिरवले. मालक खासगी असला तरी मागं सरकार उभं आहे, गरिबाचं भलं होईल, असं तू म्हणाला होतास. पोरं कामाला लागली, ते मी नाकारत नाही. पण उन्हाळ्यात सरूमावशीच्या विहिरीचं पाणी जांभळं झालं. आईला दूध नव्हतं तेव्हा जिनं तुला आपल्या लेकीबरोबर पाजलं, तीच मावशी. तिची म्हैस गाभडली. नातीच्या अंगावर फोड उठले.

मग तुमच्या बँकेचे पाहणीवाले आले. आम्हा बायकांना शहरात उस्मानपुऱ्यातल्या हॉटेलात नेलं. शेजारी कारखान्याचा मॅनेजर. मावशी तेवढी उठली. म्हणाली, "सायब, इथं बाटलीतलं पाणी पिता. आमच्या हिरीचं एक घोट पिऊन दावा, मग मी बोलायची नाय." दुभाष्यानं इंग्रजीत सांगितलं, बाई पाण्याच्या सोयीबद्दल आभार मानतात. तेवढं इंग्रजी मला कळतं. मी बोलायला उभी राहिले, तर जेवण लागल्याचं जाहीर झालं.

त्या दिवसाचा मावशीचा फोटो बँकेनं छापला. खाली लिहिलं, समाधानी गावकरी. तो तूच मला कौतुकानं पाठवलास. मी फोन करून सगळं सांगितलं, तर तू म्हणालास, अक्का, सगळं नियमानं झालंय, पाण्याचा अहवाल चांगला आहे. तो अहवाल मावशीला वाचून दाखवायची मला लाज वाटली. तुझी वाटली, रामकिसन.

तुमच्या बँकेत तक्रारी ऐकणारा वेगळा विभाग आहे, हे औरंगपुऱ्यातल्या कमरोद्दीन वकिलांनी शोधून काढलं. सोमवारी आमची तक्रार जाईल. कर्जाची शिफारस करणाऱ्यांत तुझं नाव आहे, आणि तक्रारदारांत पहिलं नाव माझं. नाव गुप्त ठेवता येतं, असं वकील म्हणाले. मी नको म्हटलं. साहेबांच्या तोंडून कळण्याआधी तुला बहिणीकडून कळावं, एवढ्यासाठीच हे लिहिलं. नोकरीचं काही बरंवाईट झालं तर सरळ घरी ये. पाणी मात्र टँकरचं प्यावं लागेल.

तुझीच,
मनकर्णाअक्का